यजमान कॉलेज, पाहुण्या मुली: घरच्या मैदानाचा फायदा मोजून कसा कापायचा

मुलींची आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा ज्याच्याकडे धड कोर्ट आहे त्याच कॉलेजात होते, हे नाशिकला नवीन नाही. कोर्ट आहे म्हणून रोज सराव होतो, सराव होतो म्हणून संघ बरा असतो. तो जिंकला की बाकीचे म्हणतात, "घरचं मैदान होतं ना." यातलं अर्धं खरं असतं. पण कोणतं अर्धं, हे सहसा कुणी तपासत नाही.

घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे एक गोष्ट नव्हे. त्यात रिंग आणि जमिनीची सवय येते, घरच्या अंथरुणातली झोप येते, न केलेला प्रवास येतो, सोयीचं वेळापत्रक येतं, टेबलावर बसलेली ओळखीची मुलं येतात आणि शेवटी प्रेक्षक येतात. प्रेक्षक सोडून बाकी सगळं कापता येतं, आणि कापायलाच हवं. प्रेक्षकांना मात्र हात लावू नका. मुलींच्या सामन्याला माणसं जमवणं आधीच कठीण. निष्पक्षतेच्या नावाखाली गॅलरी रिकामी करण्यात काहीच शहाणपण नाही.

जागा आधी, ड्रॉ नंतर

अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या महिला स्पर्धेत हा वाद जुना आहे. पुरुषांचे सामने त्रयस्थ जागी होतात. महिलांच्या स्पर्धेत मात्र २०१५ पासून पहिल्या दोन फेऱ्या सर्वोच्च १६ मानांकित संघांच्या घरी होतात (२०२१ साली साथीमुळे सगळी स्पर्धा सॅन अँटोनिओ परिसरात झाली, तो अपवाद). कारण सरळ आहे: त्रयस्थ जागी हॉल रिकामे राहायचे. त्याआधी काही वर्षं जागा आगाऊ ठरलेल्या असायच्या. मग खालच्या मानांकनाचा संघ स्वतःच्या घरी खेळतोय आणि वरच्या मानांकनाचा पाहुणा म्हणून आलाय, असं उफराटं चित्र दिसायचं. पुढच्या फेऱ्यांना ते आजही चुकलेलं नाही, कारण त्या जागा काही वर्षं आधी ठरतात. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट पहिल्या मानांकनाचा होता आणि कनेक्टिकट दुसऱ्या. पण सामना ब्रिजपोर्टला, म्हणजे कनेक्टिकट राज्यातच. दोन जादा डावांनंतर कनेक्टिकटने तो ९१-८७ असा जिंकला. उलट बाजूही बघा. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जायबंदी होत्या हे खरं, पण घरचं मैदान म्हणजे हमी नव्हे एवढं त्यातून दिसतं.

आपल्याकडे घ्यायचा मुद्दा एवढाच, की घर कमावलेलं असेल तर कुणी कुरकुर करत नाही. आयतं मिळालं तर करतात. म्हणून परिपत्रकातच, प्रवेशिका यायच्या आधी, तीनपैकी एक पद्धत लिहून टाका. पहिली: ज्या कॉलेजचा मुलींचा संघ स्पर्धेत नाही त्याचं, किंवा एखाद्या शाळेचं वा क्लबचं कोर्ट. दुसरी: यजमानपद फिरतं, गेल्या तीन वर्षांत ज्यांच्याकडे होतं ते या वर्षी बाद. तिसरी: साखळी कुठेही झाली तरी उपांत्य आणि अंतिम सामने साखळीत अव्वल आलेल्याच्या कोर्टवर. ही तिसरी सर्वांत न्याय्य आहे, पण दोन कॉलेजांकडे तरी मोजून पास झालेलं कोर्ट असेल तरच ती जमते. नसेल तर तिच्या नादी लागू नका.

"त्रयस्थ" या शब्दाने फसू नका. कोर्ट शाळेचं आहे, पण तिथे रोज संध्याकाळी एका कॉलेजच्या सहा मुली क्लबच्या कोचकडे सराव करतात, तर ते त्या कॉलेजचंच घर. प्रवेशिकेत एक ओळ घाला: "गेल्या ३० दिवसांत तुमच्या किती खेळाडूंनी या कोर्टवर सराव केला?" उत्तरं सगळ्या संघांना वाचून दाखवा. निम्मा संशय तिथेच मिटतो.

टेप, ओळंबा आणि चार माणसं

३१ मार्च २०२४ ला पोर्टलंडच्या मोडा सेंटरमध्ये, एनबीएचे सामने होतात त्या हॉलमध्ये, एनसीएए महिला स्पर्धेच्या एका लढतीआधी लक्षात आलं की दोन टोकांच्या थ्री-पॉइंट रेषा सारख्या नाहीत. एका बाजूला सुमारे ९ इंचांचा फरक होता. त्या कोर्टवर आधीचे सामने तसेच होऊन गेले होते. दोन्ही प्रशिक्षकांनी खेळायचं ठरवलं, कारण रेषा बदलत बसलं तर सामना लांबला असता. तिथे असं होऊ शकतं तर आपल्या सिमेंटच्या कोर्टवर दर दोन वर्षांनी पेंटर नजरेने जुन्या रेषा गिरवतो, तिथे काय होत असेल? म्हणून स्पर्धेच्या आठ दिवस आधी मोजा. आदल्या संध्याकाळी नव्हे, कारण तेव्हा चूक सापडली तरी ऑइल पेंट वाळायला वेळ उरत नाही.

लागणारं सामान: ३० मीटरची एक आणि ५ मीटरची एक टेप, गवंड्याचा ओळंबा, सुतळी, खडू, पाणपातळी, शिडी. माणसं चार, त्यातलं किमान एक पाहुण्या कॉलेजचं.

आधी मैदान चौकोनी आहे का ते बघा. रेषांच्या आतल्या कडेपासून लांबी २८ मीटर, रुंदी १५. अर्ध्या कोर्टचा कर्ण २०.५२ मीटर यायला हवा, चारही बाजूंनी. पूर्ण कर्ण ३१.७६ येतो, पण ३० मीटरची टेप तिथे पुरत नाही आणि झोल पडतो, म्हणून अर्ध्यानेच तपासा. दोन कर्णांत ५ सेंमीपेक्षा जास्त फरक दिसला तर मैदान तिरकं आखलेलं आहे.

मग बोर्डच्या पुढच्या कडेपासून ओळंबा सोडा. तो एंडलाइनच्या आतल्या कडेपासून १.२० मीटर आत पडला पाहिजे. जुन्या खांबांवर हीच चूक सर्वांत जास्त सापडते: खांब वाकतो, बोर्ड मागे जातो, आणि फ्री थ्रो नकळत लांब होतो. रिंगच्या मध्यातून सोडलेला ओळंबा १.५७५ मीटरवर यायला हवा. फ्री थ्रो रेषेची लांबची कड एंडलाइनपासून ५.८०, बोर्डपासून ४.६०. थ्री-पॉइंटची कमान रिंगच्या मध्यापासून ६.७५, म्हणजे कमानीचा माथा एंडलाइनपासून ८.३२५. कोपऱ्यातल्या सरळ रेषा साइडलाइनपासून ०.९० मीटर आत आणि साधारण २.९९ मीटर लांब. कमान तपासताना फक्त माथा मोजून थांबू नका. रिंगखालच्या खुणेवर सुतळीचं टोक धरून डावीकडून उजवीकडे जात, मध्य धरून पाच ठिकाणी मोजा.

अनेक सिमेंट कोर्टवर दोन कमानी दिसतात, कारण २०१० च्या बदलाआधी फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) रेषा ६.२५ मीटरवर होती आणि डी, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला भाग, समलंब होता. जुन्या रेषांवर फिकट रंग मारला की पावसाळ्यानंतर त्या पुन्हा डोकं वर काढतात. यजमान मुलींना कोणती रेषा खरी हे पाठ असतं. पाहुणी मुलगी अर्धा मीटर आत उभी राहते आणि तिचा शॉट दोनचाच धरला जातो. जुनी रेषा जमिनीच्याच रंगाने दोन हात देऊन बुजवा.

रिंगची उंची ३.०५ मीटर. ती पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला, दोन्हीकडे मोजा. मुलं लटकून रिंगची पुढची कड दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेली असते. वाकलेल्या रिंगवर चपटा शॉट थोडा जास्त माफ होतो, आणि तिथे रोज खेळणाऱ्या मुलींच्या हाताला ते ठाऊक असतं. बोल्ट आवळून पातळी आली तर ठीक. नाही तर रिंग बदला. एका टोकाला लाकडी बोर्ड आणि दुसऱ्या टोकाला ॲक्रिलिक असेल तर हाफटाइमला बाजू बदलतात म्हणून फरक फिटतो, असं म्हणतात. पूर्ण फिटत नाही: चौथ्या डावातले शॉट कोणत्या बोर्डवर पडणार हे यजमानाला आधीच ठाऊक असतं. जमल्यास दोन्ही सारखे करा, नाही तर बाजू टॉसने ठरवा.

बॉल

मुलींसाठी ६ नंबर. मेक आणि मॉडेल परिपत्रकात पंधरा दिवस आधी लिहा. रबरी बॉलवर वर्षभर हात बसलेल्या संघाला कंपोझिट लेदरचा बॉल परका वाटतो, आणि उलटही तेच. तपासायची सोपी युक्ती: खांबावर १.२०, १.४० आणि १.८० मीटरवर चिकटपट्टी लावा. बॉलचा तळ १.८० वर धरून नुसता सोडा. उसळल्यावर त्याचा माथा १.२० ते १.४० च्या मध्ये आला पाहिजे. डिसेंबरच्या पहाटे नाशिकची थंडी बॉलमधली हवाही आकसवते, म्हणून सकाळी सातला ठीक वाटलेला बॉल बाराला टणक होतो. प्रत्येक सामन्याआधी तपासा.

सरावाचा अर्धा तास

सामन्याच्या कोर्टवर प्रत्येक पाहुण्या संघाला ३० मिनिटं, आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी. आणि शेवटचे तीन दिवस यजमानालाही तेवढीच. हे यजमानाला टोचतं, पण वर्षाचे बाकीचे दिवस कोर्ट त्यांचंच होतं.

पाहुण्या संघाच्या क्रीडा संचालकांनी हा अर्धा तास गप्पा आणि फोटोत घालवू नये. पहिली पाच मिनिटं सगळ्या मुलींनी पूर्ण कोर्टभर जोरात ड्रिबल करत फिरावं. जिथे बॉल मरतो किंवा पाय सरकतो तिथे खडूची फुली मारा. मग दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं फ्री थ्रो. त्यानंतर ४५ अंशातून बोर्डवर शॉट, म्हणजे बोर्ड किती परतवतो ते कळतं. कोपऱ्यातून थ्री, कारण भिंत किंवा झाड जवळ असेल तर नजर चुकते. शेवटी पाच मिनिटं फास्ट ब्रेकचे ले-अप (वेगात धावत रिंगजवळ जाऊन टाकलेले शॉट), एंडलाइनच्या मागे थांबायला किती जागा आहे हे पायांना कळण्यासाठी. नियमाने रेषेबाहेर २ मीटर मोकळे हवेत.

वेळापत्रक: इथे हातचलाखी सर्वांत सोपी

आठ संघ, चार-चारचे दोन गट, एक कोर्ट. गटात सहा-सहा म्हणजे १२ सामने, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम: १५. एका सामन्याला दीड तास धरा. दिवे नसतील तर ८:००, ९:३०, ११:००, १२:३०, २:०० आणि ३:३० असे दिवसाला सहा. म्हणजे तीन दिवस, आणि पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक संघाला एका दिवशी दोनदा खेळावंच लागतं.

पहिल्या दिवशी अ गटाची पहिली फेरी ८:०० आणि ९:३० ला, ब गट ११:०० आणि १२:३० ला, मग अ गटाची दुसरी फेरी २:०० आणि ३:३० ला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक लढतीत एक संघ सकाळी ८ चा आणि एक ९:३० चा असतो, म्हणून विश्रांतीत दीड तासाचा फरक पडतोच. तो टळत नाही. कुणाच्या वाट्याला जाणार एवढंच ठरवता येतं. यजमानाला ९:३० आणि २:०० या वेळा द्या, म्हणजे कमी विश्रांती त्यांना. घर जवळ आहे, जेवण घरचं आहे, त्यांना परवडतं.

सकाळी ८ ची वेळ शहरातल्याच संघांना. गंगापूर रोडवरची मुलगी सातला स्कूटीवर निघते. मालेगावच्या मुलीला एसटीने अडीच-तीन तास लागतात, आणि सुरगाणा-कळवणकडून येणाऱ्यांना घाट आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले असतील तर त्यात आणखी भर घाला. नाशिकरोडला रेल्वेने उतरणाऱ्या संघाला शहरात पोचायला गर्दीच्या वेळी सहज पाऊण तास हवा. हे सगळं माहीत असूनही ड्रॉच्या चिठ्ठ्या काढून जशी येईल तशी वेळ देणं हा चिठ्ठीच्या आडचा पक्षपात आहे. गट चिठ्ठीने काढा. वेळ अंतर बघून द्या.

शेवटच्या साखळी फेरीत यजमानाचा सामना गटातला आधीचा ठेवा. नंतर खेळणाऱ्याला किती गुणांनी जिंकलं की पुरे, हे कळलेलं असतं. फिबाच्या पद्धतीत विजयाला २ गुण, पराभवाला १, गैरहजेरीने हरलं तर ०. बरोबरी झाली तर आधी आपापसातला निकाल, मग आपापसातल्या सामन्यांतला गुणफरक. हे परिपत्रकात छापा. ऐन वेळी कुणी "एकूण सरासरी" काढायला बसतं आणि मांडवातच भांडण सुरू होतं.

ऊन विसरू नका. कोर्ट पूर्व-पश्चिम असेल तर साडेतीनच्या सामन्यात उत्तरार्धात पश्चिमेकडच्या रिंगवर शॉट मारणाऱ्या मुलींच्या डोळ्यांत थेट सूर्य येतो. वेळापत्रकात पहिलं नाव असलेल्या संघाला टेबलाकडून कोर्टकडे बघताना डावीकडचं बेंच मिळतं असा नियम आहे, आणि पहिली बाजूही त्यावरूनच ठरते. दोन्ही संघ तयार असले तर बदलता येतं. यजमानाचं नाव सवयीने पहिलं लिहिलं जातं. ते आलटून-पालटून लिहा.

हिवाळ्यात सकाळी सिमेंटवर दव असतं. वायपर, मग कोरडं फडकं, आणि वीस मिनिटं. ८ चा सामना असेल तर ७:१५ ला माणूस हजर हवा.

टेबल

पंच जिल्हा संघटनेकडून मागवा आणि एक अट घाला: यजमान कॉलेजचा माजी खेळाडू किंवा कर्मचारी त्या कॉलेजच्या सामन्याला नको. पंचांवर सगळ्यांचं लक्ष असतं, टेबलावर कुणाचंच नसतं. आणि सामने टेबलावर फिरतात. चार जागा: स्कोअरर, सहायक स्कोअरर, टायमर, शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ). यजमानाच्या सामन्याला टायमर आणि शॉट क्लॉक या दोन्ही जागी यजमानाची मुलं कधीही नकोत. त्या वेळी न खेळणाऱ्या संघातून दोघी घ्या.

मुद्दाम लबाडी क्वचितच होते. अज्ञान नेहमी असतं. चौथ्या डावात आणि जादा डावात शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावरही घड्याळ थांबतं, हे विद्यार्थी टायमर विसरतो. नेमकं यजमान पुढे असताना विसरला की ते पाहुण्यांच्या डोळ्यावर येतं. आक्रमक संघाने रिंगला लागलेला बॉल परत मिळवला तर शॉट क्लॉक २४ नव्हे, १४ वर जातं. शॉट क्लॉकचा डिस्प्ले नसेल तर स्टॉपवॉच धरणाऱ्याने शेवटचे पाच सेकंद मोठ्याने मोजायचे, दोन्ही संघांसाठी सारख्याच आवाजात. आदल्या दिवशी टेबलच्या मुलांचा एक तास वर्ग घ्या, आणि प्रत्येक डावानंतर दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांना स्कोअरशीटवरचा धावता स्कोअर दाखवा. चूक लगेच सापडली तर दुरुस्त होते. सामन्यानंतर सापडली तर तिचा आरोप होतो.

राहणं, आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही

पाहुण्या संघाला रात्री आठच्या आत खोली मिळाली पाहिजे: आतून लागणारी कडी, गरम पाणी, जवळ बाथरूम, आणि ज्या मॅडमना फोन करता येईल त्यांचा नंबर दारावर. कोर्टजवळ मुलींसाठी स्वतंत्र चेंजिंग रूम. स्टाफरूममध्ये पडदा लावून नव्हे. सॅनिटरी पॅड आणि बंद झाकणाचा डबा टॉयलेटमध्येच ठेवा, क्रीडा विभागाच्या कपाटात कुलूपबंद नको. यजमान मुलगी गरज पडली तर हॉस्टेलवर जाऊन येते. पाहुणी मुलगी पाणी कमी पिते, कारण टॉयलेट कुठे आहे हे तिला सरांना विचारायचं नसतं. हाही घरच्या मैदानाचाच फायदा, आणि तो चौथ्या डावात दिसतो.

प्रेक्षक

येऊ द्या, ओरडू द्या. बंदी फक्त चार गोष्टींवर: शिट्ट्या आणि हवेचे हॉर्न (पंचांच्या शिट्टीशी गल्लत होते), बंद हॉलमध्ये ढोल-ताशा, एंडलाइनच्या मागे उभं राहणं, आणि खेळाडूच्या अंगावरून, कपड्यांवरून, जातीवरून वा गावावरून टोमणे. शेवटच्यासाठी एकदा माइकवर सूचना, दुसऱ्यांदा खेळ थांबवून माणूस बाहेर. पाहुण्या बेंचच्या मागचा एक भाग पाहुण्यांच्या पालकांसाठी राखा. निवेदकाने दोन्ही संघांच्या मुलींची नावं सारख्याच उत्साहाने घ्यावीत. यजमान मुलीचं नाव ठसक्यात आणि पाहुणीचा नुसता नंबर, असं नको.

तक्रार

तीन जणांची समिती पहिल्या सामन्याआधी जाहीर करा, त्यात यजमान कॉलेजचं एकही माणूस नसावं. हरकत घ्यायची तर कर्णधाराने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत पंचांना सांगून स्कोअरशीटवर सही करायची. त्यानंतर लेखी अर्ज आणि अनामत. निकाल पुढची फेरी सुरू व्हायच्या आधी, लेखी, कारणासह. कोर्ट मोजल्याचा कागद, बॉलची नोंद, विश्रांतीचे तास आणि टेबलावर कोण बसलं याची यादी एका फाइलमध्ये समितीच्या टेबलावर उघडी ठेवा. ज्याला बघायची त्याने बघावी. अनामत परत देण्याचे सुटे पैसेही त्याच फाइलला पाकिटात लावून ठेवा, नाही तर तक्रार मान्य झाली तरी मुलींचा संघ संध्याकाळची एसटी चुकवून लेखापालाची वाट बघत बसतो.